शून्याची जागा

हुपरीकर सर गेल्याचं मला थोरल्या भावानं सांगितलं. शिवाजी पेठेतनं येताना त्यानं चौकातल्या फळ्यावर वाचलं होतं. मी भाकरी थापत होते. हातातली तव्यावर टाकली आणि म्हटलं, बरं. पुढं महिनाभर त्यांच्यावर काय काय छापून आलं... ज्ञानमहर्षी म्हणे! डोंबलाचे ज्ञानमहर्षी.

इंटर सायन्सला आम्ही तीस पोरं त्यांच्या माडीवर फिजिक्सच्या शिकवणीला जायचो. मुलगी मी एकटीच, गडमुडशिंगीहून सायकल मारत यायची. इंजिनिअर व्हायचं खूळ डोक्यात होतं. सरांची रीत अशी, की फळ्याच्या कोपऱ्यात आधी उत्तर लिहायचं आणि मग गणिताला कान धरून तिथवर ओढत न्यायचं. पोरं माना डोलवायची. बैलं बरी, ती निदान शिंगं तरी हलवतात.

एकदा त्यांनी गणित घातलं. अधिक नऊ आणि उणे चार असे दोन चार्ज, मधे दहा सेंटीमीटर अंतर. विद्युतक्षेत्र शून्य कुठं? सरांनी कोपऱ्यात लिहिलं, दोघांच्या मधे, उणे चार्जपासून चार सेंटीमीटरवर. मी उठले. म्हटलं, सर, मधे धन चार्ज ठेवला तर एक त्याला ढकलणार, दुसरा ओढणार, दोन्ही एकाच दिशेला. मग शून्य कसं होईल? ते बाहेर पडतं, उणेच्या पलीकडं वीस सेंटीमीटरवर.

सरांनी खडू ठेवला. "पेपर तपासणारे माझ्याच हाताखालनं गेलेत. त्यांना माझं उत्तर लागतं, मंगल, तुझं न्हाय."

पोरं हसली. मी खाली बसले.

दोन महिन्यांनी परीक्षेत नेमकं तसलंच गणित आलं, आकडे तेवढे वेगळे. बरोबर उत्तर मी पेन्सिलीनं कच्चं करून बघितलं, खोडलं, आणि सरांच्या रीतीनं मधलं लिहिलं. भ्याले, दुसरं काय! इंजिनिअरिंगचा प्रवेश दोन मार्कांनी हुकला. आज पंधरा वर्षं कचेरीत टाइपरायटर बडवतेय. सरांचा राग राग केला, पण मनात म्हणायची, बिचाऱ्याला येतच नव्हतं, अडाण्यावर काय चिडायचं... अशानं मी त्यांना कधीच माफ करून टाकलं होतं.

परवा काकूंना भेटायला गेले. सरांच्या पत्नी त्या, स्वभावानं गरीब. त्यांनी कपाटातनं सरांची गणितांची वही काढून दिली. "तुझं नाव दिसलं म्हणून ठेवली हाय बघ."

तेच गणित होतं. लाल शाईनं 'चार' खोडून वर 'वीस' लिहिलेलं, शेजारी बाणांची नीटस आकृती, खाली त्याच दिवसाची तारीख. आणि समासात, त्यांच्या त्या देखण्या अक्षरात: 'मंगल बरोबर. वर्गात सांगू नये.'

वही माझ्याकडंच आहे, टेबलावर. माफी तेवढी मी परत घेतली.