टोळी नॉर्बची, फोटो डेलचा

आमच्या गल्लीत नॉर्ब वॉयचिकला कुणी नावं ठेवत नाही. जानेवारीत उणे वीसला घर तापवणारी फर्नेस बंद पडली की जो माणूस ताटातला बटाटा तसाच टाकून दुरुस्तीला धावत येतो, त्याला नावं ठेवणं परवडत नाही. तेव्हा पुढे जे लिहिलंय तो शेजारधर्म समजावा.

नॉर्बची मुलगी कॉलेजसाठी मिनेसोटाला गेली, ती मागे एक मांजर आणि एक गेम खेळायचं यंत्र ठेवून. यंत्राचा पंखा घरघरतो म्हणून नॉर्बने ते उघडलं, धूळ काढली आणि चालतंय का ते पाहायला सुरू केलं. त्याला चार वर्षं झाली. अजून पाहतोच आहे.

खेळ राक्षसी जनावरांच्या झुंजीचा. सहा जनावरांची टोळी जमवायची आणि समोरच्याच्या टोळीशी भिडवायची. शेंबडी पोरंही खेळतात, पण टोळी जमवणं हे पोरांचं काम नव्हे, असं नॉर्बचं ठाम मत. कुणाला कोणते चार डाव शिकवायचे, कुणाची कातडी जाड करायची, कुणाला चपळ करायचं, एकाची दुखरी बाजू दुसऱ्याने कशी झाकायची, हे सगळं तो फर्नेसच्या जुन्या माहितीपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मांडायचा. "गरम हवा कुठून येते नि कुठे अडते, एवढंच बघायचं असतं," असं तो बायकोला समजावायचा. मार्लीन म्हणायची, "आपल्या न्हाणीघरात ती कुठे अडते तेही एकदा बघ."

सरावाला कुणीतरी हवं, म्हणून नॉर्बने डेल ह्यूबनरला या खेळात ओढलं. स्वतःच्या हाताने ओढलं, हे त्याला आता रोज आठवतं.

डेल म्हणजे काउंटीची बर्फ लोटणारी गाडी चालवणारा, नॉर्बचा पहिलीपासूनचा दोस्त. या दोस्तीचा एक ठरलेला नियम होता. हिवाळ्यात तळं गोठलं की मासेमारीसाठी बर्फावरची झोपडी नॉर्बने बांधायची, बर्फाला भोक नॉर्बने पाडायचं, शेगडी नॉर्बने पेटवायची. डेल बिअर घेऊन यायचा, खुर्ची ओढायचा, आणि मासा डेलच्या गळाला लागायचा. चाळीस वर्षांत त्या तळ्यातल्या एकाही माशाने नॉर्बची बाजू घेतली नव्हती. केस म्हणाल तर डेलच्या डोक्यावर अजून सगळे, आणि नॉर्बची टोपी उन्हाळ्यातही निघत नाही.

खेळातही तेच झालं. प्रत्येक जनावर नॉर्ब दोन-दोन वाढवायचा, एक स्वतःला, एक डेलला. टोळी तीच, डाव तेच. स्पर्धेला दोघे एकाच गाडीतून जायचे. नॉर्ब तिसऱ्या फेरीत गारद व्हायचा आणि डेल संध्याकाळी कप घेऊन परतायचा. डेलची झुंज सुरू झाली की नॉर्बला अचानक भूक लागायची. तो बाहेर जाऊन तळलेलं चीज घ्यायचा आणि थंड होईपर्यंत खात बसायचा. आपलीच जनावरं दुसऱ्याच्या हाताखाली जिंकताना बघायची म्हणजे आपल्या बायकोला दुसऱ्याबरोबर नाचताना बघण्यासारखं, असं एकदा तो म्हणाला. मार्लीन म्हणाली, "तू नाचतोस कुठे?"

इथवर सगळं पोटातल्या पोटात होतं. मग रोशेलने फोटो लावला.

रोशेल म्हणजे मेन स्ट्रीटवरच्या खेळांच्या दुकानाची मालकीण. शनिवारी तिच्या मागच्या खोलीत ही सगळी मंडळी जमतात. एका शनिवारी नॉर्ब आत शिरला तर भिंतीवर डेल, हातात कप, तोंडभर हसू, आणि खाली ठळक अक्षरांत: "आपला टोळी-गुरू".

"छान आलाय ना?" रोशेलने विचारलं.

"फ्रेम वाकडी आहे," नॉर्ब म्हणाला.

पुढच्या शनिवारी गुरूंनी शिकवणी घेतली. विषय, टोळी कशी जमवावी. वीस-बावीस लोक वह्या घेऊन आले. नॉर्ब शेवटच्या रांगेत, मांडीवर चिप्सची पिशवी. एका बाईने हात वर करून विचारलं, "तुमच्या गोगलगाईची कातडी इतकी जाड का केलीत?"

डेलने छताकडे पाहिलं. "बरं वाटलं म्हणून," तो म्हणाला, आणि लोकांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या कातडीसाठी नॉर्बने अकरा संध्याकाळी घालवल्या होत्या. तिच्या आकड्यात एक कमी असता तर विजेचं वटवाघूळ तिला एका फटक्यात लोळवतं, एक जास्त असता तर वेग कमी पडता. चिप्सची पिशवी त्याच्या मुठीत कुरकुरली, तशी पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. डेललाही तो दिसला. "आणि हो," डेल मोठ्या मनाने म्हणाला, "नॉर्बही थोडी मदत करतो."

घरी येऊन नॉर्बने बूट न काढता खुर्ची गाठली.

"नाव घेतलं ना त्याने तुझं?" मार्लीन म्हणाली.

"थोडी म्हणाला."

"मग?"

"थोडं मिठाला म्हणतात, मार्लीन. आयत्या पिठावर रेघोट्या मारतो आणि वर म्हणतो थोडी मदत. जगाला कळायला हवं ही टोळी कुणाची ते."

"मग तोंडाने सांग की."

"तोंडाने सांगितलं तर जळतो म्हणतील."

"जळतोयस तर म्हणतीलच," असं म्हणून मार्लीन मांजराला जेवण घालायला गेली.

मिलवॉकीची मोठी स्पर्धा दीड महिन्यावर होती. शेवटची झुंज तिथे मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि दोन निवेदक ती मोठ्याने सांगत बसतात. बर्फावरच्या झोपडीत न लागलेल्या माशांकडे बघत नॉर्बला युक्ती सुचली.

त्या खेळात जो जनावर वाढवतो तोच त्याचं नाव ठेवतो. जनावर दुसऱ्याला दिलं तरी नाव तेच राहतं, नव्या मालकाला ते बदलता येत नाही. गोंदल्यासारखं. आजवर नॉर्बने ठेवलेली नावं पक्कड, झडप, फिल्टर अशी असायची आणि डेल कधी एका शब्दाने विचारायचा नाही. या खेपेला नॉर्बने सहा जनावरं घेतली आणि सहा नावं ठेवली. कोल्ह्याचं नाव "ही". गोगलगाईचं "टोळी". वटवाघळाचं "डेलने". बेडकाचं "जमवलेली". गेंड्याचं "नाहीच". आणि पक्ष्याचं "बरं".

गेंडा मुद्दाम "नाहीच" केला. गेंडा हा नॉर्बचा जीव की प्राण. पाठीवर डोंगर घेऊन फिरणारं ते धूड त्याने पहिल्या आठवड्यात पकडलं होतं, आणि त्याच्या प्रत्येक टोळीत ते असायचंच. झुंजीत सहापैकी चारच मैदानात उतरवता येतात, तेव्हा गेंडा नेहमी पहिला. वाक्याचा जीव ज्या शब्दात, तो शब्द नॉर्बने अशा पाठीवर ठेवला जी कधी घरी बसणार नाही.

जनावरं त्याने डेलला एकदम दिली नाहीत. आठवड्याला दोन, तीही उलटसुलट. पहिल्यांदा "बरं" आणि "टोळी".

"बरं?" डेल म्हणाला.

"पक्षी बरा आहे."

"बरं," डेल म्हणाला.

स्पर्धेला सहा जनावरांची यादी आधी कागदावर लिहून द्यावी लागते. डेलचं अक्षर त्याचं त्यालाच वाचता येत नाही, म्हणून दोघांचे कागद नॉर्बच भरायचा. क्रम त्याने हवा तसा लावला आणि पाकीट चाटून बंद केलं. इतक्या गोडीने त्याने मार्लीनला लिहिलेलं पत्रही कधी बंद केलं नसेल.

मिलवॉकीला नॉर्ब रीतीप्रमाणे तिसऱ्या फेरीत हरला. गेंडा पुढे, वाट अडवून उभा, आणि समोरच्याने त्याला पाण्यात बुडवला. एरवी हातपाय आपटले असते. आज तो शीळ घालत बाहेर आला, कारण डेल जिंकत होता. चौथी फेरी जिंकला, पाचवी, सहावी. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच डेल जिंकावा म्हणून नॉर्बने देवाला साकडं घातलं. देवाने बहुधा कानाला हात लावून पुन्हा विचारलं असेल.

दुपारी चारला शेवटची लढत, तीनपैकी दोन झुंजी जिंकायच्या. रोशेल आणि दुकानाची मंडळी एकसारखे सदरे घालून पुढे बसली होती. नॉर्ब मार्लीनशेजारी, हातात चीज, पण या खेपेला आतच बसला होता.

पडद्यावर डेलची पहिली दोन जनावरं उतरली. "वटवाघूळ, नाव डेलने," निवेदक म्हणाला, "आणि बेडूक, जमवलेली. गमतीची नावं आहेत."

मार्लीनने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "नॉर्ब, तू काय केलंयस?"

"बघ नुसती."

बेडूक जखमी झाला, त्याच्या जागी गोगलगाय आली. "टोळी," निवेदक म्हणाला. नॉर्बचे कान तापले. आता एकच जागा उरली होती. त्याने चीजचा तुकडा तोंडाशी नेऊन तसाच धरला. वटवाघूळ मागे आलं आणि मैदानात उतरला कोल्हा. "ही," निवेदक म्हणाला.

कोल्ह्याने तीन डावांत खेळ संपवला.

"दुसऱ्या झुंजीत आणेल," नॉर्ब पुटपुटला. दुसऱ्या झुंजीतही तेच चार आले, आणि डेल त्यातही जिंकला. रोशेल खुर्चीवर उभी राहिली. मग भल्यामोठ्या पडद्यावर विजेत्याची चार जनावरं रांगेने आली, नॉर्बनेच कागदावर लावलेल्या क्रमाने. निवेदक वाचू लागला आणि मध्येच हसायला लागला.

"ही, टोळी, डेलने, जमवलेली. मंडळी, याला म्हणतात आत्मविश्वास."

हजारभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही चार माणसांएवढ्या उंच अक्षरांत. मार्लीनने तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं, तिचे खांदे हलत होते. बक्षीस देणाऱ्याने डेलपुढे माइक धरला, तेव्हा डेल म्हणाला, "नावं मी ठेवलेली नाहीत." लोकांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या.

परतीच्या वाटेवर डेल गाडी चालवत होता, कप मार्लीनच्या मांडीवर, नॉर्ब खिडकीशी. पोर्ट वॉशिंग्टन गाव मागे पडलं.

"गेंडा का नाही आणलास?" शेवटी नॉर्बने विचारलं.

"तुला राग येईल."

"आलेलाच आहे."

"मी त्याला कधीच आणत नाही, नॉर्ब."

"आज नाही आणलास. मुद्दाम. नावं जोडून वाचलीस तू."

"वाचली ना. शेवटची दोन मिळाली त्या दिवशीच. लिहितोस बरं तू." डेलने वळणावर गाडी हळू केली. "पण आज म्हणून नाही. चार वर्षांत एकदाच आणला होता, ग्रीन बेच्या स्पर्धेत. हरलो. फार जड आहे तो, लेका. तू इतर पाच जनावरं त्याला सांभाळायला ठेवतोस, म्हणून ती पाच इतकी चांगली होतात. त्याला घरी ठेवलं की ती मोकळी खेळतात."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुझा लाडका आहे तो. आणि मला वाटलं, तुला माहीत असेल. माझी झुंज बघतोस ना तू?"

 चार वर्षं डेलच्या झुंजीच्या वेळी नॉर्ब बाहेर चीज खात बसला होता. टोळी त्याची होती, पण ती जिंकायची कशी हे ज्याला ठाऊक होतं तो दुसराच. मासा अजूनही डेलच्याच गळाला होता, आणि भोकही आपण जरा भलतीकडेच पाडत होतो, हे त्याला चोपन्नाव्या वर्षी, चालत्या गाडीत कळलं.

"फोटो भिंतीवरून उतरवायला सांगतो रोशेलला," डेल म्हणाला. "किंवा शिकवणी तू घे. मला तसंही काही येत नाही. त्या बाईने परवा पुन्हा विचारलं, कातडी."

"काय सांगितलंस?"

"बरं वाटलं म्हणून."

मार्लीनला कप खाली ठेवावा लागला.

या हंगामाची टोळी नॉर्बने गेल्या आठवड्यात डेलला दिली. नावं "नॉर्ब एक" पासून "नॉर्ब सहा" पर्यंत. कुठलेही चार काढा, नॉर्बच निघणार. डेल म्हणतो, आजवरची सगळ्यात चांगली टोळी. भिंतीवरचा फोटो आहे तिथेच आहे, फक्त "गुरू"च्या पुढे कुणीतरी पेनाने "थोडा" असं लिहिलंय. अक्षर फर्नेसच्या बिलावर असतं तसंच आहे.

सहांत गेंडा नाही. डेलला दिलेला "नाहीच" नॉर्बकडे परत आला आहे. ज्याने वाढवला त्याच्या हातात आला की नाव बदलता येतं, ते नॉर्बने बदललंय. जनावर आता यंत्रातल्या खोक्यात बसून असतं, खातं-पितं, त्याला मैदानात कुणी बोलावत नाही. नॉर्ब रोज सकाळी कामावर जाण्याआधी यंत्र सुरू करून त्याच्याकडे एकदा बघतो आणि मग खुशीत बूट चढवतो, असं मार्लीन सांगते.

नाव "डेल" आहे.