रिकामा हॅमॉक

पहिला हॅमॉक कोणता घ्यावा, हे परवा आपल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर मीच विचारलं होतं. तुम्ही सुचवलेला हलका घेतला. शनिवारी पालीजवळच्या डोंगरावर पहिला मुक्काम ठरलाय.

आज सकाळी सरावासाठी दारातल्या दोन कडुलिंबांना बांधून बघितला. झाडाला काचू नये म्हणून रुंद पट्टे, मधे थोडा झोल, सगळं तुम्ही सांगितलं तसं. लांबून फोटो काढत होतो. हॅमॉक वाऱ्यानं झुलत होता.

आई पिठाच्या हातानं पळत आली आणि तिनं तो धरून थांबवला.

"रिकामी झोळी हलू देऊ न्हाई."

मी हसलो. "आई, हे मोठ्या माणसाला झोपायला हाय."

तिनं हात काढला नाही. माझ्याआधी एक बहीण होती आणि आई ऊसतोडीवर असताना ती तान्हीच तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. आज आई पहिल्यांदा बोलली.

"फडाच्या कडंला बाभळीला लुगड्याची झोळी बांधली व्हती. तोडता तोडता मी सारखी वळून बघायचे. झोळी हलत व्हती. मला वाटलं पोरगी जागी हाय, खेळतीय. वारा व्हता, बाबा."

मग तिनं घरातून वरवंटा आणला, बारशाला पाळण्यात ठेवतात तसा हॅमॉकमध्ये ठेवला आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.

आता संध्याकाळ झालीय. बॅग भरून झालीय. हॅमॉक अजून झाडालाच आहे.

सांगा, तो वरवंटा मी कसा उचलू?