मिस्त्रीची साक्ष

"ठेव थापी खाली! घमेलं उचल!"

मिस्त्रीनं माझ्या हातातली थापी हिसकावली. ओल्या सिमेंटचा शिंतोडा तोंडावर उडाला. घराचा मालक दारात उभा होता. मिस्त्री त्याच्याकडं पाहून हसला. "मस्करी करून राहिली, मालक. बायाची जात!"

मस्करी कसली? सकाळपासून ती भिंत मीच चढवत होते. कळमनुरीतल्या त्याच्या प्रत्येक कामावर हेच चालायचं. तो सावलीत तंबाखू मळत बसायचा, विटा मी लावायचे. मालकाची गाडी वाजली की मी पुन्हा घमेलंवाली. बाईच्या हातच्या भिंतीला तडा जातो म्हणे. त्या दिवशीही मी मुकाट घमेलं उचललं. राग आला होता, पण घरी चूल पेटायची होती.

पुढं सरकारकडून गवंड्यांना शिकवून सर्टिफिकेट द्यायचं निघालं. गवंड्याला काय काय आलं पाहिजे, परीक्षेला कोण बसणार, हे ठरवायला त्या खात्याच्या साहेबांनी बैठक घेतली. मिस्त्री बोलावले, आम्हा बायांनाही बोलावलं. मिस्त्री पुढं खुर्च्यांवर, आम्ही मागं सतरंजीवर. ओळंबा धरून भिंत सरळ चढवणं, कोपरा काटकोनात आणणं, सगळं बराबर ठरलं. शेवटी साहेब म्हणाले, "परीक्षेला बसणाऱ्यानं एका मिस्त्रीची साक्ष आणायची. यानं माझ्या कामावर थापी चालवली आहे, अशी."

मी उठून उभी राहिले. "माझे मिस्त्री हितंच हायेत. विचारा त्यांला."

त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. "हिनं? कधीच न्हाई. सिमेंटचा माल कालवती, बस."

पुढच्या खुर्च्या हसल्या. माझ्या हातच्या भिंतींवर हा मिस्त्री म्हणून मिरवतो, आणि मलाच खोटी पाडतो!

"साहेब, मंग ह्या बायांची साक्ष घ्या. त्यांनी डोळ्यानं पाह्यलंय."

"त्या मिस्त्री नाहीत ना, बाई."

"काहून न्हाईत? त्यांची साक्ष कोन देनार? ह्योच?"

साहेबांनी पेनला टोपण लावलं. "पुढच्या वेळी बघू."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. मागं वळून पाहिलं, तर सतरंजी रिकामी होती. सगळ्या बाया माझ्यामागं आल्या होत्या.

तेव्हापासून आमच्यातली एकही त्या मिस्त्रीच्या कामावर गेलेली नाही. माल कालवायला नाही, भिंतीवर पाणी मारायला नाही. घरात पीठ कमी आहे. असू द्या. नियमात बाईची साक्ष धरल्याशिवाय कळमनुरीत त्याची एक वीट आम्ही वर चढू देणार नाही.