यमुनामावशींनी लावलेली रांग

कोणतीही वस्तू हातात आली की यमुनामावशी आधी तिच्यावर अंगठा दाबून बघायच्या. पेरू, पाव, उशी, नवी वही, काहीही. त्यांच्या सातपाटी गावच्या बायका मासा ताजा आहे का ते असं बघतात. दाबल्यावर पडलेला खळगा तसाच राहिला तर मासा शिळा. मावशींनी ही परीक्षा साऱ्या जगाला लावली होती. एम. ए.च्या वर्गात 'जीवशास्त्राचे तत्त्वज्ञान' या विषयाच्या पहिल्या तासाला मॅडमनी एका जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स प्रत फिरवली. मावशींनी ती दाबून पाहिली, आतलं साल वाचलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "माज्या लग्नाच्या आधीचं हाय गं. पण वास नाय मारत."

मावशी तेव्हा साठीला टेकल्या होत्या आणि मी सत्तावीस वर्षांची होते. वर्गातली बाकीची मुलं आम्हाला मायलेकी समजायची. मावशींना जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही कोणी मला विचारलं की तत्त्वज्ञान शिकून काय मिळालं, तर मला पुस्तकं आठवत नाहीत, मावशी आठवतात.

आमची ओळख त्याच्याही आधीची. मी सालवडची. वडील सांगलीकडून बोईसरच्या कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. पालघरच्या बाजूच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. करत होते आणि यमुनाबाई मेहेर तिथल्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे, फॉर्मॅलिनच्या बाटल्यांवरची धूळ झाडायची, ही त्यांची कामं. पण प्रात्यक्षिकाच्या तासाला आमचा खरा आधार त्याच. समोर ठेवलेला प्राणी न बघताच आम्ही पाठ केलेलं नाव घडाघडा सांगायला लागलो की मागून त्यांचा आवाज यायचा, "आदी हातात घे, मग नाव सांग." सर वर्गात असले तरी त्या हे बोलायच्या, आणि सरही ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या वर्षी कॉलेजला मूल्यांकन समिती येणार होती. भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या, शिपायांना नवे गणवेश मिळाले. आमच्या विभागाचं संग्रहालय म्हणजे एक लांबलचक खोली, तिच्यात दीडशेच्या आसपास बाटल्या. रंगकामासाठी त्या सगळ्या खाली उतरवल्या होत्या. विभागप्रमुखांना दोन-तीन दिवस बाहेरगावी जायचं होतं. जाताना ते मावशींना म्हणाले, "बाई, सगळ्या बाटल्या नीट क्रमाने लावून ठेवा." कोणता क्रम ते त्यांनी सांगितलं नाही. इतकी वर्षं त्या खोलीत वावरणाऱ्या बाईला ते सांगायला लागेल असं त्यांना वाटलं नसावं.

मावशींनी तीन दिवस खपून बाटल्या लावल्या. रविवारीसुद्धा आल्या. प्रत्येक बाटली पुसली, चिठ्ठ्या नव्याने चिकटवल्या. आणि क्रम लावला तो सातपाटीच्या धक्क्यावरचा. बोट लागली की जे आधी खराब होणार ते आधी उचलायचं, जे टिकणार ते मागे ठेवायचं. या हिशेबाने सगळ्यात पुढे बोंबील आणि जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, त्यांच्या मागे करंदी आणि मांदेली, मग पापलेट, मग घोळ आणि वाम. त्यानंतर ओल्या गोणपाटात जिवंत राहणारे खेकडे, शिंपल्यातल्या तिसऱ्या आणि कालवं, आणि शेवटी कधीच न सडणारे शंख. पट्टकृमीची बाटली त्यांनी शंखांच्याही पलीकडे ठेवली होती, कारण माणसाच्या पोटात राहून जो सडत नाही त्याचं काय होणार, असा त्यांचा विचार. बेडूक, सरडे आणि साप यांच्या बाटल्या एका वेगळ्या टेबलावर होत्या आणि तिथे त्यांच्या अक्षरात कागद होता: 'माहीत नाही. विचारून लावणे.'

विभागप्रमुख परतले ते थेट समितीबरोबरच खोलीत शिरले. पाठीचा कणा असलेला मासा, त्याच्या शेजारी बिनकण्याची कोळंबी, मग पुन्हा मासा. समितीतल्या एक बाई पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि त्यांनी विचारलं, "सर, ये कौन-सी पद्धति है?" सरांचा चेहरा बघवत नव्हता. आम्ही विद्यार्थी दाराशी उभे होतो. आम्ही हसलो. मीही हसले, आणि ते हसू मावशींनी पाहिलं. हे सांगताना आजही मला लाज वाटते.

आठवड्याभरात मावशींना मेमो मिळाला आणि सेवापुस्तकात नोंद झाली: 'कामातील निष्काळजीपणा'. पगार कापला नाही, नोकरी गेली नाही. मावशींनी बाटल्या सरांच्या यादीप्रमाणे परत लावल्या. मात्र त्याच जूनमध्ये त्यांनी मुक्त विद्यापीठात बी. ए.ला नाव घातलं.

पुढे मी तारापूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. दिवसभर नमुने बघायचे आणि त्यांच्यावर पास किंवा नापास लिहायचं. चार वर्षांनी त्याचा कंटाळा आला तेव्हा शनिवार-रविवारच्या वर्गांना विद्यापीठात प्रवेश घेतला. आमचे सुपरवायझर तिवारीजी म्हणाले, "मैडम, फिलॉसफी से प्रमोशन नहीं मिलता." पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर दुसऱ्या बाकावर नऊवारी नेसलेल्या, डब्यात सुक्या बोंबलाची चटणी घेऊन बसलेल्या यमुनामावशी. निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता.

"मावशी, तुम्ही इथे कशा?" मी विचारलं.

"मला एकच इचारायचं हाय," त्या म्हणाल्या. "तवा मी चुकले का? कॉलेजात कोनाला इचारलं तर म्हनतात, मावशी जाऊ द्या. वाचनालयात इथल्या विषयांची यादी बगितली, त्यात लिवलं होतं, 'सजीवांचे वर्गीकरण: शोध की रचना?' म्हटलं, हेच तं. या लोकांचं कामच हाय ते. यांना इचारू."

एका मेमोसाठी बाईने बी. ए. केलं होतं आणि आता एम. ए. करायला निघाली होती. मला हसू आलं नाही. एकदा हसून झालं होतं.

मॅडम नव्या होत्या, हुशार होत्या आणि मावशींना थोड्या बिचकून होत्या. एकदा त्यांनी पडद्यावर एका काळपट माशाचं चित्र दाखवलं आणि त्याचं इंग्रजी नाव वाचलं. त्याचा अर्थ होतो काळं पापलेट. मावशी लगेच म्हणाल्या, "ते पापलेट नाय. हलवा हाय." मॅडमनी फोनवर शोधलं, बराच वेळ वाचलं आणि कबूल केलं की शास्त्रज्ञांच्या मतेही हा मासा पापलेटच्या कुळातला नाही, निराळ्याच कुळातला आहे. पोरांनी बाकं वाजवली. मावशींनी त्यांना हाताने थांबवलं. "वाजवू नका. आमी देवमाशाला पन मासा म्हनतो. तो पिल्लांना दूध पाजतो. म्हंजे आमी तिकडे चुकलो, ते हिकडे." असं दोन्ही पारड्यांत वजन टाकणं त्यांना सहज जमायचं, मला अजून जमत नाही.

अवयवाचं कार्य म्हणजे काय, यावरच्या तासाला तर त्यांनी धमाल उडवली. मॅडम समजावत होत्या की हृदय रक्तही ढकलतं आणि धडधड आवाजही करतं, पण त्याचं कार्य रक्त ढकलणं हेच मानायचं. का, ते सांगा. मावशींनी हात वर केला. "घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते, बोत म्हनतात. लई महाग जाते. माज्या दिराने एका बोताच्या पैशांत घराला पत्रे घातले. पन घोळीला इचाराल तर ती म्हनेल, मी तरंगायला ठेवली होती बाबा." मॅडमनी ते उदाहरण वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षीच्या वर्गालाही त्यांनी तेच दिलं, असं मला नंतर कळलं.

एवढं असूनही पहिल्या सत्रात मावशी याच विषयात नापास झाल्या. एका मोठ्या प्रश्नाखाली त्यांनी 'हे मला नीट माहीत नाही' एवढंच लिहिलं होतं. मी वैतागले. "काहीतरी खरडायचं ना मावशी, चार गुण तरी पडले असते." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बाजारात शिळा मासा वर बर्फ टाकून विकायला सांगितला आहे. पुन्हा बसल्या आणि काठावर सुटल्या. मग लघुप्रबंध आला. विषय त्यांनी स्वतः निवडला: वर्गीकरण कोणासाठी? लिहिला मराठीत. इंग्रजी पुस्तकांतलं मी वाचून मराठीत सांगायचे आणि त्या मधेच थांबवून विचारायच्या, "हा मानूस कंदी मासे निवडायला बसला होता का?"

तोंडी परीक्षा खुली होती, आम्ही सगळे मागे बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर आणि कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी प्रबंध उघडला आणि सरळ बाटल्यांच्या प्रकरणावर बोट ठेवलं. "बाई, नात्यांवरून लावलेला क्रम निसर्गातला आहे. माणूस असो-नसो, तो आहेच. तुमचा क्रम तुमच्या धंद्याचा. उद्या पृथ्वीवर एकही माणूस उरला नाही, तर तुमच्या क्रमाचं काय उरेल?"

याच प्रश्नासाठी मावशींनी सगळा खटाटोप केला होता, आणि उत्तर आलं नाही तर मेमोवर पुन्हा शिक्का बसणार होता.

"सर," त्या म्हणाल्या, "मानूस गेला तरी बोंबील आदीच सडेल."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा," ते म्हणाले.

"बोंबलात पानीच लई. शंखात नाय. ते मी नाय ठरवलं. निसर्गात रांगा पुष्कळ हायत, सर. त्यातली कंची लावायची तेवढं आमी ठरवतो."

पुढे अर्धा तास ते दोघं बोलत होते. शेवटी शेवटी परीक्षकच प्रश्न विचारायचे सोडून पापलेट कसं निवडायचं ते विचारत होते. मावशी उत्तीर्ण झाल्या. वर्ग बेताचाच मिळाला, पण लघुप्रबंधाला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त गुण होते.

निकालानंतर मी पेढे घेऊन सातपाटीला गेले. अंगणात बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते आणि मावशी सुनेबरोबर करंदी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, झालं ना तुमच्या मनासारखं? तुम्ही चुकला नव्हता."

"चुकले होते," त्या करंदीवरून नजर न काढता म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा चालली आहे.

"रांग खरी होती. पन ती खोली तुमा पोरांची. तुमाला परीक्षेला कुळं पाठ करायची होती. ही रांग कोनाला पायजे, ते मी इचारलंच नाय. मोठ्या सरांनी पन सांगितलं नाय, ते सोड. मी इचारायला पायजे होतं." त्यांनी हात पुसले. "पन चूक येगळी न् निष्काळजीपना येगळा. त्यांनी दोन्ही एका टोपलीत टाकले. आता मला एक अर्ज लिवून दे."

अर्ज त्यांनीच सांगितला, मी फक्त लिहिला. चार ओळींचा. सेवापुस्तकात 'कामातील निष्काळजीपणा' अशी नोंद आहे, त्याऐवजी 'कामातील चूक' अशी करावी; सदर काम मी तीन दिवस काळजीपूर्वक केले होते. कॉलेजच्या कार्यालयातल्या कारकुनाने तो वाचला आणि म्हणाला, "मावशी, निवृत्तिवेतन व्यवस्थित चालू आहे ना? मग आता याचं काय?" मावशी प्राचार्यांची वाट बघत बाकावर बसून राहिल्या.

जुने विभागप्रमुख केव्हाच निवृत्त झाले होते, प्राचार्यही नवे होते. भला माणूस. त्यांनी चहा मागवला, सगळी हकिगत ऐकून घेतली, दोनदा मोठ्याने हसले आणि सेवापुस्तक आणवलं. "मावशी, तुम्ही आमच्या कॉलेजचं नाव काढलंत," ते म्हणाले. "शब्द कशाला बदलायचा? मी ही नोंदच रद्द करतो. काही राहायलाच नको."

मला इतका आनंद झाला की मी मावशींचा दंड धरला. मावशींनी तो हळूच सोडवून घेतला.

"नको साहेब," त्या म्हणाल्या. "चूक मी केली होती. ती राहू द्या. निष्काळजी नव्हते, तेवढंच करा."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला रडू फुटलं होतं. त्यांनी पेन उघडलं, त्या एका शब्दावर सरळ रेघ मारली, वर 'चूक' असं लिहिलं आणि सही केली. मावशींनी पुस्तक स्वतःकडे ओढून ती ओळ सावकाश वाचली. एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.