सपाट डोक्याचं टर्मिनल

“सरक गा, उजेड डोयात घुसून राहिला!” असं म्हणत आमच्या शेजारच्या मावशी घरात शिरत आणि कोणी काही बोलायच्या आत आमचा टीव्ही तिरपा करून ठेवत. माझा लॅपटॉपही त्यातून सुटला नाही. आमच्या हिच्या मते ही नुसती खोड होती. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेलच. पण आमच्या मावशींची अर्धी नोकरी यातच गेली होती.

तरुणपणी त्या हिंगण्याच्या एका लहान कारखान्यात टर्मिनलची रचना करत. त्या काळी संगणक कपाटाएवढा असे आणि वेगळ्या थंड खोलीत बसे. कारकुनांपुढे यायचा तो जाड काचेचा पडदा, त्यावरची हिरवी अक्षरं आणि कळफलक. हेच टर्मिनल. पडदा किती कलता हवा, खिडकीचा उजेड त्यावर कसा पडू नये, हे मावशी ठरवत. पडद्याला चिकटलेला कळफलक त्यांनी वायर लावून सुटा करायला लावला.

“सूप मांडीवर घेऊनच तांदूय निवडतो नं आपण? मंग हे काहून नाही?” असं त्यांनी साहेबांना विचारलं होतं. साहेब हसले आणि हो म्हणाले.

फसल्या त्या एकदाच. त्यांचा पहिला नमुना सपाट डोक्याचा होता. आतली ऊब निघून जावी म्हणून वर फटी ठेवलेल्या. ऐन थंडीत तो एका कचेरीत बसवला, तर रोज जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर बंद पडायचा. मावशी पाहायला गेल्या, तर टर्मिनलच्या डोक्यावर डबे! सगळ्या फटी बुजवून भाजी गरम होत होती. मग उतरत्या डोक्याचं मॉडेल आलं. त्यावर ठेवलेला डबा सरळ मांडीत यायचा. सपाट नमुना परत आला, तो मावशींनी घरी आणला.

गेल्या हिवाळ्यात त्या कायमच्या पुण्याला, मुलीकडे निघाल्या. आवराआवरीत माळ्यावरून तो नमुना निघाला. मुलगी फोनवर म्हणाली, भंगारात दे. मावशींचा चेहरा एवढासा झाला.

“मले एकदा सुरू झालेलं पाहाचं आहे गा,” त्या मला म्हणाल्या. “नाही झालं तं देऊन टाकीन.”

रविवारी सकाळी त्यांनी मागचं झाकण उघडलं. मी टॉर्च धरला. आतला एक भाग फुगला होता, तसाच दुसरा मी बर्डीच्या बाजारातून आणून दिला. तो जोडून त्यांनी बटण दाबलं. पडदा काळाच. मला त्यांच्याकडे पाहवेना.

“थांब नं. जुनी काच आहे, तापाले वेळ लागते.”

आणि कोपऱ्यात एक हिरवा चौकोन लुकलुकला! मावशींनी टाळ्या पिटल्या, मी चाळिशी उलटलेला माणूस चक्क नाचलो. मग त्या आत गेल्या, वांग्याच्या भाजीचा डबा घेऊन आल्या आणि टर्मिनलवर ठेवला.

“मावशी, पुन्हा बंद पडेल!”

“पडू दे. साहेबाले उतरतं आवडलं. पण याच्यावर लोकं गरम जेवले गा.”

भाजी कोमट झाली. आम्ही बोटं चाटून खाल्ली.

आता मावशी पुण्यात आहेत आणि जाताना त्यांनी आम्हाला दिलेलं टर्मिनल आमच्या ओट्याशेजारी. थंडीत ही डबा भरते आणि त्यावर ठेवते, एक फट मोकळी सोडून. मिहानला कामावर निघताना मी तो उचलतो. कधी नेमका त्याच वेळी पुण्याहून फोन येतो.

“होते नं गा गरम?”

“होते, मावशी,” मी म्हणतो आणि डबा दोन्ही हातांत धरून जरा वेळ तिथंच उभा राहतो.