टेल्लेर्वो पुन्हा टेकडीवर

चाळीस वर्षं टपाल वाटत फिनलंडमधलं ताम्पेरे शहर पायांनी मोजलेल्या माझ्या शेजारणीचं, टेल्लेर्वोचं, गेल्या हिवाळ्यात बर्फावर पडून खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा टेकडी चढता येईल का, एवढीच तिची चिंता.

आज आम्ही दोघींनी चालायच्या टोकदार काठ्या घेऊन प्यूनिक्की टेकडीचा चढ धरला. डांबर संपून पाइनच्या झाडांमधली मातीची पायवाट लागली, तरी तिच्या काठ्यांच्या टोकांवर डांबरासाठी घातलेली रबरी टोपणं तशीच.

"अगं, टोपणं काढ! घसरशील."

"काढते हो, मास्तरीणबाई!" म्हणत तिने ती खिशात कोंबली. लोखंडी टोकं मातीत रुतली आणि तिचं पाऊल स्थिरावलं.

वर पोहोचलो. झाडांमधून दोन्ही बाजूंची सरोवरं चमकत होती. ती नाक पुसून म्हणाली, "उद्या किती वाजता?"

देवा, आज मागणं काही नाही. नुसते तुझे आभार.