कुशीवर झोपू दे

देवीवर माझा विश्वास होता, पण त्या वर्षी मी तिच्यावर भयंकर चिडले होते. माझ्या सासूबाईंच्या पोटात पाणी भरत होतं. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई, तरी भेटायला येणारं माणूस दारात चपला काढता काढता मला हळूच विचारायचं, "घेत होत्या का हो?" जुन्या काविळीनं यकृत सुकत गेलंय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. आमचे हे मुंबईला नोकरीला. घरी मी आणि त्या. पोट तट्ट फुगलेलं, हातापायांच्या मात्र काड्या झालेल्या. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून गुंडाळलेल्या गादीला टेकून त्या रात्रंदिवस बसून असायच्या. डोळा लागला की मान पुढे पडायची, आणि मान पडली की जाग यायची.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या होत्या आणि मीठ तोडलं होतं. त्या मिठावरून आमच्या घरात रोज महाभारत. "ह्यो अळणी भात गुरांना घाल," म्हणून त्या ताट सरकवायच्या. एकदा उशी झटकली तर आतून खाऱ्या बांगड्याचा तुकडा पडला! शेजारणीनं पदराखालून आणून दिला होता. मी खूप ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगो, मरायचंच हाय तर तोंडाला चव घेऊन मरूदे." त्यात लोकांचे सल्ले. कुणी मुळी उगाळून आणली, कुणी अंगारा, कुणी कसला तरी कडू काढा. नको म्हटलं की सुनेला म्हातारी जड झाली, असं बोलायला मोकळे. 'मी बसते, तू जरा पड' असं मात्र एकीच्याही तोंडून आलं नाही.

शेवटी गावदेवीला कौल लावायला गेले. गुरवकाकांनी देवीच्या मूर्तीवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी विचारलं, "आई बऱ्या होतील ना?" पाकळी पडेना. उजवी नाही, डावीही नाही. हात जोडून जोडून खांदे भरून आले. तिकडे घरी सासूबाईंजवळ त्याच बांगडेवाल्या शेजारणीला बसवून आलेली, त्यामुळे जीव अर्धा तिकडे.

"देवी बोलत नाय," गुरवकाका म्हणाले. "प्रश्न बदलून बघ, बाय."

"दुसरा कुठला प्रश्न आहे माझ्याकडे?" मी देवळातच ओरडले. "नाही म्हणायचं तर नाही म्हण म्हणावं तिला!"

ओटी भरायला आलेली एक बाई खांबापाशी बसली होती. आमच्या गावातली नव्हती. तिनं विचारलं, "कोण आजारी हाय?" मी रागारागानंच सगळं सांगून टाकलं. तिनं सल्ला दिला नाही. फक्त म्हणाली, "त्यांना सगळ्यात जास्त तरास कशाचा व्हतो?"

असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "झोपता येत नाही," मी म्हटलं.

"माझ्या घोवाचं पोट असंच भरायचं. डॉक्टर सुईनं पाणी काढायचे. बरा नाय झाला तो. पण निजायचा." मग नवऱ्याच्या आठवणीनं पदर सावरत म्हणाली, "तेवढंच माग ना तिच्याजवळ."

मी मूर्तीकडे वळले. "आईंना कुशीवर झोपू दे," एवढंच म्हटलं. उजवीकडची पाकळी पडली. तोवर सुकली असेल म्हणून पडली असेल. मी कुणाशी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे गेले. "पाणी काढून उपयोग नाही, पुन्हा भरतं," असं ते पूर्वी म्हणाले होते. या वेळी मी म्हटलं, "डॉक्टर, बरं करा असं मी म्हणत नाही. त्यांना झोपता येईल एवढं करा."

त्यांनी सासूबाईंचे कागद पुढे ओढले आणि म्हणाले, "तेवढं करता येईल. भरलं की पुन्हा काढू."

त्यांच्या छोट्या दवाखान्यात सासूबाईंना खाटेवर रेलून बसवलं, पोटाच्या एका बाजूला खाली बधिर करून सुई घातली. नळीतून पिवळसर पाणी बादलीत पडू लागलं. एकदम सगळं काढलं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून डॉक्टर सारखे तपासत होते. सासूबाई बादलीकडे बघून म्हणाल्या, "येवढं पाणी माझ्याकडं व्हतं तर विहीर कशाला खणली गो?" डॉक्टरांनाही हसू आवरेना. खोलीबाहेर जाताना ते मला म्हणाले, "वरून मीठ नको, पण आमटीत चिमूटभर घाला. आता उपाशी ठेवून काय मिळवायचंय?"

त्या दुपारी सासूबाई तिथेच कुशीवर वळल्या आणि घोरायला लागल्या. मी स्टुलावर बसून रडले. आनंद होताच, पण त्याहून मोठा संताप होता, की हे इतक्या उशिरा का!

पाणी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. पुढे त्यांना गुंगी येऊ लागली, माणसं ओळखेनात. आमचे हे रजा घेऊन आले. सासूबाई गेल्या त्या पडवीत, शांतपणे निजलेल्या असताना. त्या बाईचा मी पुष्कळ शोध घेतला. कुठल्या गावची, ते गुरवकाकांनाही ठाऊक नव्हतं.

देवीवर मी अजूनही चिडते. ती ऐकून घेते, हीच तिची कृपा. पण तिच्यापुढे हात जोडण्याआधी, आता मी समोरच्या माणसाला विचारते, आज तुला काय सोसवत नाही? त्यावर जे हातून होईल ते करते. बाकीचं मी तिच्या ओटीत टाकून दिलंय. तिचं तिनं बघावं.